रेव्हरंड टिळकांची निष्ठा

नारायण वामन टिळक म्हटले की आपल्याला फुलामुलांच्या कविता आठवतात. मला मात्र त्यांच्या आयुष्यातील १८९५ नंतरची चार-पाच वर्षे अधिक मोलाची वाटतात.

कोकणातील करजगावी १८६१ साली जन्मलेल्या या चित्पावन ब्राह्मणाला आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने बायबल दिले. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्तांच्या लेखी ते मेल्यातच जमा झाले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलासह पंढरपुरी नातलगांकडे राहिल्या. जात गेली की माणसाचे काय उरते, हे खेड्यातून आलेल्या आम्हा मुलांना समजावून सांगावे लागत नाही! तरी टिळकांनी प्रायश्चित्ताची वाट धरली नाही.

पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. टिळकांनी ते मोडायला लावले नाही. स्वतः छळ सोसलेल्याने दुसऱ्यावर सक्ती न करणे, हे मला बहिष्कार सोसण्याहून कठीण वाटते. १९०० साली त्यांनी आपखुशीने बाप्तिस्मा घेतला.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. ख्रिस्त सोडला नाही. १९१९ साली ते वारले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते. त्याचे उरलेले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.