जेम्स वेल्स

जेम्स वेल्स (१७४७ – नोव्हेंबर १७९५) हे स्कॉटिश चित्रकार होते. सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची त्यांनी काढलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. मुंबई बेटाची दृश्ये दाखवणारी त्यांची अम्लरेखने हा त्या काळातील मुंबईच्या चित्ररूप साधनांपैकी एक महत्त्वाचा भाग मानला जातो.

जीवन

वेल्स यांचा जन्म स्कॉटलंडमधील पीटरहेड येथे झाला. ॲबर्डीनच्या मारिशल महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. चित्रकला ते बव्हंशी स्वतःच शिकले. लंडनमध्ये काही वर्षे व्यक्तिचित्रे काढल्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या परवानगीने १७९१ मध्ये ते मुंबईस आले.

पुण्यातील कार्य

पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या आश्रयामुळे १७९२ मध्ये वेल्स यांचा पुणे दरबारात प्रवेश झाला. नाना फडणवीसांसह बसलेल्या सवाई माधवरावांचे त्यांचे तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. मॅलेट यांच्या प्रयत्नाने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली व तेथे वेल्स शिकवीत. पुण्याचे गंगाराम तांबट हे त्यांचे सहकारी होते. वेरूळ येथील लेण्यांची गंगाराम यांची रेखाटने आजही उपलब्ध आहेत.

मुद्राचित्रे व त्यांचे तंत्र

अम्लरेखनात तांब्याच्या पत्र्यावर मेण व राळ यांचा पातळ लेप देतात. लेपावर सुईने चित्र कोरले की तेवढाच धातू उघडा पडतो. पत्रा अम्लात ठेवल्यावर त्या रेषा खोदल्या जातात. नंतर लेप काढून रेषांत शाई भरतात, पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या दाबयंत्रातून काढतात. छाप मूळ रेखाटनाच्या उलट उमटतो. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या रेम्ब्रांट यांनी हे तंत्र परमोत्कर्षास नेले.

१७९१ व १७९२ मध्ये टिपलेल्या मुंबई परिसराच्या दृश्यांचा बारा अम्लरेखनांचा संच १८०० मध्ये लंडनमध्ये प्रकाशित झाला. मलबार टेकडी, शीव किल्ला इत्यादी ठिकाणांहून दिसणारे बेट त्यात आढळते. बेटांमधील खाड्या भरून निघण्यापूर्वीच्या मुंबईचे रूप अभ्यासण्यास हा संच उपयुक्त ठरतो.

वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल यांनी १८०३ मध्ये चोवीस ॲक्वाटिंट प्रसिद्ध केली. या पद्धतीत पत्र्यावर राळेची भुकटी वितळवून चिकटवतात. कणांभोवतीचा धातू अम्लाने झिजतो व छपाईत छायेचे सलग थर मिळतात. खडकातील प्रकाश-अंधार दाखवण्यास ही पद्धत विशेष अनुकूल ठरली.

मृत्यू व वारसा

२७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवरावांचे निधन झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच, पश्चिम भारतातील लेण्यांच्या चित्रणाचे काम अपुरे असताना, वेल्स यांचाही मृत्यू झाला. त्यांची कन्या सुझाना हिचा विवाह पुढे मॅलेट यांच्याशी झाला आणि चित्रसंग्रह इंग्लंडमध्ये सुरक्षित राहिला. पुणे दरबारात मॅलेट यांनी केलेल्या १७९० च्या तहाचे वेल्स यांनी आरंभलेले चित्र डॅनियल यांनी १८०५ मध्ये पूर्ण केले. अशा रीतीने वेल्स यांचे बरेचसे काम मृत्यूनंतर व इतरांच्या हातून लोकांपुढे आले. त्यामुळे वेरूळच्या मुद्राचित्रांचे श्रेय पुष्कळदा केवळ डॅनियल यांना दिले जाते. मूळ रेखाटने मात्र वेल्स यांची आहेत.