संत टॉमस मोर

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस संत टॉमस मोर ह्यांचें नांव ठाऊक असेल. १४७८ सालीं लंडन शहरीं एका वकिलाच्या घरीं ते जन्मले. तारुण्यांत कार्थुसियन मठाच्या सान्निध्यांत त्यांनीं कांहीं काळ काढिला. पुढें प्रपंच पत्करून वकिलींत नांव मिळविलें, १५१६ सालीं 'यूटोपिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १५२९ सालीं राजा आठवा हेन्री ह्यानें त्यांस लॉर्ड चॅन्सेलर नेमिलें. त्या पदावर ते असतां सहा इसम पाखंडी म्हणून जाळण्यांत आले, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. विवेकबुद्धीस त्या काळानें न दिलेली मोकळीक मोर ह्यांनींही इतरांस दिली नाहीं.

१५३२ सालीं इंग्लंडच्या धर्मगुरुवर्गानें राजापुढें मान तुकविली. दुसऱ्याच दिवशीं मोर ह्यांनीं अधिकारपद सोडिलें. पुढें राजानें राणी कॅथरीन हिला टाकून ॲन बोलीनशीं लग्न लाविलें, आणि ह्या विवाहाची संतति गादीची वारस मानण्याची शपथ सर्वांवर लादिली. वारसापुरती शपथ घेण्यास मोर राजी होते. परंतु पोपचा अधिकार नाकारणारा मजकूर तींत गुंतविलेला होता.

१३ एप्रिल १५३४ रोजीं त्यांस लॅम्बेथच्या वाड्यांत बोलाविलें. त्यांनीं नकार देतांच बागेकडील खोलींत थांबविलें. खालीं बागेंत धर्मगुरूंचा हास्यविनोद चालला होता. लंडनचे बोलाविलेले धर्मगुरु एका विल्सनखेरीज सारे शपथ घेऊन मोकळे झाले. क्रॉयडनचे विकार तर लागलीच आर्चबिशपांच्या कोठीवर पेय मागावयास गेले, असें मोर ह्यांच्या कानीं आलें. उघड धमकीपेक्षां असा देखावाच मनास अधिक पोखरतो, असें आम्हांस वाटतें. वेस्टमिन्स्टरच्या मठाधिपतींनीं सुचविलें कीं, सबंध राज्याची सभा एकीकडे असतां मोर ह्यांनीं आपलीच समजूत चुकीची मानावी. मोर ह्यांनीं उत्तर दिलें कीं, ते खरोखर एकटे असते तर भ्याले असते. परंतु त्यांच्या बाजूस अखिल ख्रिस्ती जगाची सभा होती.

टॉवरच्या बंदिवासांत त्यांची लाडकी कन्या मार्गारेट हिनेंही गळ घातली. तिनें स्वतः देवाच्या नियमास बाध न येईल इतपत, अशी पुस्ती जोडून शपथ घेतली होती. तिला त्यांनीं एका पंचाची गोष्ट सांगितली. अकरा पंचांचें एकमत झालें, बाराव्यास तें पटेना. निदान सोबत राखण्यासाठीं तरी त्यानें होकार द्यावा, असा आग्रह झाला. तेव्हां त्यानें विचारिलें कीं, मनाविरुद्ध कौल दिल्यामुळें पुढें तो नरकांत चालला, तर हे अकराजण सोबतीखातर त्याच्याबरोबर येतील काय? तरी ज्यांनीं शपथ घेतली त्यांस मोर ह्यांनीं दोष दिला नाहीं, आणि कोणासही आपल्यामागें ओढिलें नाहीं.

बिशपांपैकीं एकटे जॉन फिशर अढळ राहिले. २२ जून १५३५ रोजीं त्यांचा शिरच्छेद झाला. १ जुलै रोजीं मोर ह्यांची चौकशी होऊन ६ जुलै रोजीं तीच गति त्यांसही प्राप्त झाली. दोघांस १९३५ सालीं संतपद मिळालें. मोर ह्यांचें शिर लंडनच्या पुलावर लाविलें होतें. तें मार्गारेटनें मिळवून आपल्यापाशीं जतन केलें.