विश्लेषण : ज्यांचे नाव अमेरिकेपासून लपवले, त्यांच्याच यानातून अमेरिकी अंतराळवीर कसे गेले? कोण होते सर्गेई कोरोलेव्ह?

१५ जुलै २०१२. कझाकस्तानातील बैकोनूर तळावरून सुनीता विल्यम्स आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाल्या, त्या रशियाच्या सोयुझ यानातून. नासाकडे तेव्हा माणसे पाठवायला स्वतःचे यानच नव्हते. स्पेस शटल आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. ज्या प्रक्षेपण मंचावरून त्या निघाल्या, तिथूनच १९५७ मध्ये स्पुतनिक आणि १९६१ मध्ये युरी गागारीन गेले होते. आणि बरोबर ३७ वर्षांपूर्वी, १५ जुलै १९७५ रोजी, अमेरिकेच्या अपोलो यानाला भेटायला निघालेले सोयुझही इथलेच.

यान आणि त्याखालचे रॉकेट, दोन्हींचा मूळ आराखडा एकाच माणसाच्या कार्यालयात तयार झाला. सर्गेई पावलोविच कोरोलेव्ह हे त्यांचे नाव. गंमत अशी, की अमेरिकेला सोडाच, सामान्य सोव्हिएत नागरिकांनाही हे नाव कळले ते कोरोलेव्ह गेल्यानंतर.

सुरुवात कुठे झाली?

कोरोलेव्ह यांचा जन्म १२ जानेवारी १९०७ चा, झितोमिर शहरातला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते, आज युक्रेनमध्ये आहे. आईवडील लवकर विभक्त झाले. काही वर्षे आजीआजोबांकडे गेली, मग आईने दुसरे लग्न केले आणि कुटुंब ओदेसा या बंदराच्या शहरात आले. सावत्र वडील इंजिनीअर होते. किशोरवयातच कोरोलेव्ह यांना ग्लायडरचे वेड लागले. कीव्हमध्ये दोन वर्षे शिकून ते मॉस्कोच्या नामवंत तंत्रशिक्षण संस्थेत गेले. तिथे त्यांच्या पदवी प्रकल्पाचे मार्गदर्शक होते आंद्रेई तुपोलेव्ह, म्हणजे पुढे ज्यांच्या नावाची विमाने जगभर उडाली तेच.

१९३१ मध्ये मॉस्कोत रॉकेटवेड्या तरुणांचा एक गट उभा राहिला. कोरोलेव्ह लवकरच त्याचे प्रमुख झाले. पैसा जवळपास नव्हताच. तरी १७ ऑगस्ट १९३३ रोजी या गटाने द्रव ऑक्सिजनवर चालणारे पहिले सोव्हिएत रॉकेट उडवले. ते सुमारे ४०० मीटर उंच गेले. त्याच वर्षी लष्कराने या गटाला आपल्या नव्या रॉकेट संशोधन संस्थेत सामावून घेतले.

मग ते सोन्याच्या खाणीत कसे पोहोचले?

लष्कराचा आश्रय मिळाला, पण स्टालिनच्या काळात तोच अंगाशी आला. १९३७ नंतर अटकसत्र सुरू झाले तेव्हा संस्थेचे संचालक क्लेमेनोव्ह आणि त्यांचे सहकारी लांगेमाक यांना गोळ्या घालण्यात आल्या. इंजिनांचे तज्ज्ञ व्हॅलेंटिन ग्लुश्को मार्च १९३८ मध्ये पकडले गेले. २७ जून १९३८ रोजी कोरोलेव्ह यांची पाळी आली. आरोप घातपाताचा. चौकशीत मारहाण झाली आणि १० वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. पकडलेल्या सहकाऱ्यांकडून, त्यात ग्लुश्कोही आले, वदवून घेतलेले जबाब त्यांच्याविरुद्ध वापरले गेले. हे पुढे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रवानगी झाली सैबेरियाच्या अतिपूर्वेला, कोलिमा भागातील माल्द्याक इथल्या सोन्याच्या खाणीवर. तिथे काही महिन्यांतच स्कर्व्हीने त्यांचे बरेच दात गेले. मॉस्कोत त्यांच्या आईने अर्जांवर अर्ज केले, नामवंत वैमानिक ग्रिझोदुबोवा आणि ग्रोमोव्ह यांनी रदबदली केली. प्रकरण पुन्हा उघडले गेले. सुटका नाही झाली, पण शिक्षा आठ वर्षांची झाली आणि खाणीऐवजी तुरुंगातल्या डिझाइन कार्यालयात काम मिळाले. तिथे प्रमुख कोण? त्यांचे जुने मार्गदर्शक तुपोलेव्ह. तेही कैदीच! पुढे कझानमध्ये कैदी कोरोलेव्ह यांनी कैदी ग्लुश्को यांच्या हाताखाली काम केले. १९४४ मध्ये दोघेही सुटले.

मात्र कोरोलेव्ह यांच्यावरचे आरोप मुळातच खोटे होते, हे सरकारने मान्य केले ते एप्रिल १९५७ मध्ये. तोवर देशाचे सर्वात गुप्त क्षेपणास्त्र ते जवळपास तयार करून बसले होते.

क्षेपणास्त्र म्हणून गैरसोयीचे, रॉकेट म्हणून अजोड

युद्ध संपल्यावर कोरोलेव्ह यांना जर्मनीत पाठवण्यात आले. व्ही-२ क्षेपणास्त्राचे अवशेष, आराखडे, जे हाती लागेल ते गोळा करायचे होते. व्हर्नहर फॉन ब्राउन आणि त्यांचा मुख्य चमू तोवर अमेरिकेच्या ताब्यात गेला होता. म्हणजे दोन्ही देशांचे अंतराळ कार्यक्रम एकाच जर्मन क्षेपणास्त्रापासून शिकले.

कोरोलेव्ह यांनी मॉस्कोजवळच्या पोदलिपकी इथे आपले कार्यालय उभारले आणि एकेक पायरी चढत आर-७ पर्यंत पोहोचले. सोव्हिएत अणुबॉम्ब अवजड होता. पाच टनांहून अधिक वजन अमेरिकेपर्यंत न्यायचे, तर रॉकेटही प्रचंड हवे. मधला एक भाग आणि त्याला चिकटलेले चार, सगळे जमिनीवरच एकदम पेटवायचे, असा तोडगा निघाला. मोठ्या इंजिनात ज्वलन अस्थिर होऊन ते फुटत होते, म्हणून ग्लुश्को यांनी एका मोठ्या कक्षाऐवजी चार छोटे कक्ष एका पंपाला जोडले. पाच इंजिने, २० कक्ष. सोयुझचे रॉकेट उडताना बुडाशी जो ज्वाळांचा झुबका दिसतो, तो या जुगाडामुळे.

शस्त्र म्हणून आर-७ अडचणीचेच होते. द्रव ऑक्सिजन भरून ते फार वेळ सज्ज ठेवता येत नसे आणि तयारीला तास तास लागत. पण एवढी ताकद दुसऱ्या कोणाकडे नव्हती. बॉम्बच्या जागी उपग्रह ठेवला, तर तो कक्षेत जाणार हे कोरोलेव्ह यांना कधीपासून दिसत होते. अमेरिकेने १९५५ मध्ये उपग्रह सोडण्याची घोषणा केली आणि त्यांना सरकारला पटवायला निमित्त मिळाले. ठरलेला मोठा उपग्रह रखडल्यावर त्यांनी ८३.६ किलोचा साधा गोळा बनवायला घेतला. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी त्याचा ‘बीप बीप’ जगाने ऐकला. चार वर्षांत गागारीन पृथ्वीप्रदक्षिणा करून १०८ मिनिटांत परतले.

नाव का लपवले?

अंतराळवीर नेणारे आणि बॉम्ब नेणारे रॉकेट मुळात एकच होते. त्यामुळे रॉकेटचा फोटो गुप्त, तळाची जागा गुप्त आणि बनवणाराही गुप्त. तळ खरे तर त्युरातामजवळ होता. बैकोनूर हे शेकडो किलोमीटर दूरच्या गावाचे नाव मुद्दाम वापरले गेले. वर्तमानपत्रांत कोरोलेव्ह यांचा उल्लेख फक्त मुख्य रचनाकार असा येई. ‘प्रावदा’मध्ये ते स्वतः लिहीत, तेही प्राध्यापक के. सर्गेयेव्ह या टोपणनावाने. परदेशी परिषदांना लिओनिद सेदोव्ह हे शास्त्रज्ञ जात, आणि बाहेरच्या अनेकांना तेच स्पुतनिकचे जनक वाटत. स्पुतनिकच्या निर्मात्याला नोबेल देण्याबाबत विचारणा झाली, तेव्हा निकिता ख्रुश्चेव्ह यांनी निर्माता म्हणजे संपूर्ण सोव्हिएत जनता, असे कळवले, अशी आठवण त्यांचे पुत्र सर्गेई यांनी नोंदवली आहे.

सहकार्याची दारे याच कारणाने अडली. १९६२ मध्ये अमेरिकेचे ह्यू ड्रायडन आणि सोव्हिएत अकादमीचे अनातोली ब्लागोन्राव्होव्ह यांच्यात पहिला करार झाला, पण तो हवामान उपग्रह, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अशा सुरक्षित विषयांपुरता. २० सप्टेंबर १९६३ रोजी केनेडी यांनी संयुक्त राष्ट्रांत चंद्रावर मिळून जाण्याचा प्रस्ताव मांडला. दोन महिन्यांत त्यांची हत्या झाली, पुढच्या वर्षी ख्रुश्चेव्ह यांची सत्ता गेली, आणि विषय तिथेच राहिला. एकत्र जायचे तर अभियंत्यांनी समोरासमोर बसायला हवे. इथे तर मुख्य अभियंताच कागदोपत्री अस्तित्वात नव्हता.

चंद्र कशामुळे हुकला?

सोव्हिएत चंद्रमोहिमेला औपचारिक मंजुरी मिळाली १९६४ मध्ये, म्हणजे केनेडींच्या घोषणेनंतर तीन वर्षांनी. त्यात कोरोलेव्ह आणि ग्लुश्को यांचे बिनसले. एन-१ या चांद्ररॉकेटसाठी कोरोलेव्ह यांना केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन हवे होते. ग्लुश्को विषारी, पण साठवायला सोप्या इंधनावर अडून बसले. वाद तंत्राचा होता हे खरे, पण १९३८ चे जबाब कोरोलेव्ह विसरले असतील, असे मानणे कठीण आहे. शेवटी ते विमानांची इंजिने बनवणाऱ्या निकोलाई कुझनेत्सोव्ह यांच्याकडे गेले. त्यांची इंजिने तुलनेने लहान, म्हणून पहिल्याच टप्प्यात ३० लावावी लागली.

१४ जानेवारी १९६६ रोजी, ५९ वा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, कोरोलेव्ह यांच्यावर आतड्याची शस्त्रक्रिया झाली. ती खुद्द आरोग्यमंत्री बोरिस पेत्रोव्स्की यांनी केली. साधी वाटलेली शस्त्रक्रिया मोठी गाठ सापडल्याने लांबली आणि कोरोलेव्ह टेबलावरून परतले नाहीत. तुरुंगातल्या मारहाणीत जबडा दुखावल्यामुळे श्वासनळीत नळी घालणे अवघड झाले, असे सांगितले जाते. दोन दिवसांनी ‘प्रावदा’ने फोटोसह मृत्युलेख छापला. अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवल्या गेल्या.

१९६९ ते १९७२ दरम्यान एन-१ चारदा उडाले आणि चारही वेळा कोसळले.

मग अमेरिकेशी हातमिळवणी कशी झाली?

कोरोलेव्ह यांच्या कार्यालयात आणखी एक काम सुरू होते, सोयुझ. कक्षेत दुसऱ्या यानाला जोडले जाणे हाच त्याचा उद्देश. सुरुवात भीषण झाली. १९६७ मध्ये पहिल्याच मानवी उड्डाणात कोमारोव्ह गेले, १९७१ मध्ये आणखी तिघे. त्या चुका दुरुस्त झाल्यानंतर मात्र सोयुझमध्ये आजवर कोणाचाही जीव गेलेला नाही.

मे १९७२ मध्ये निक्सन आणि कोसिगिन यांनी संयुक्त उड्डाणाच्या करारावर सह्या केल्या. सोव्हिएत बाजूचे तांत्रिक संचालक होते कॉन्स्टन्टिन बुशुयेव्ह, कोरोलेव्ह यांचे पूर्वीचे उपप्रमुख. पहिली अडचण हवेची होती. सोयुझमध्ये जमिनीवरच्यासारखी हवा, अपोलोत सुमारे एक तृतीयांश दाबाचा शुद्ध ऑक्सिजन. मधे एक जोडकक्ष बसवला गेला आणि सोयुझने आपला दाब थोडा उतरवला. दुसरी अडचण जोडणीची. तोवर एका यानाला खुंटी आणि दुसऱ्याला खाच अशी पद्धत होती. ती टाळून कोरोलेव्ह यांच्याच संस्थेतील व्लादिमीर सिरोम्यात्निकोव्ह यांनी अमेरिकी अभियंत्यांसोबत अशी यंत्रणा बनवली, जिच्या दोन्ही बाजू सारख्याच. कोणतेही यान पुढाकार घेऊ शकेल. कोणी कोणाला जोडून घ्यायचे, हा मानापमानाचा प्रश्नही त्याने सुटला.

एप्रिल १९७५ मध्ये अमेरिकी अंतराळवीरांना बैकोनूर दाखवण्यात आले. १७ जुलैला दोन्ही याने जोडली गेली आणि थॉमस स्टॅफर्ड यांच्याशी हस्तांदोलन केले अलेक्सेई लिओनोव्ह यांनी. हे तेच लिओनोव्ह, ज्यांनी मार्च १९६५ मध्ये कोरोलेव्ह यांच्या यानातून बाहेर पडून जगातला पहिला अंतराळचाल केला होता.

त्याच जोडणीची सुधारित आवृत्ती वापरून १९९५ मध्ये अटलांटिस शटल ‘मीर’ स्थानकाला भिडले. नोव्हेंबर २००० मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकातला पहिला मुक्कामी चमू सोयुझमधूनच पोहोचला. २०११ ते २०२० ही नऊ वर्षे तर दुसरा पर्यायच नव्हता; अखेरीस एका आसनासाठी नासाने सुमारे ९ कोटी डॉलर मोजले. भारताचे राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले, तेही सोयुझमधूनच.

गोदामातली इंजिने

एन-१ चे पुढे काय झाले, हे फारसे सांगितले जात नाही. १९७४ मध्ये कोरोलेव्ह यांच्या संस्थेची सूत्रे ग्लुश्को यांच्याकडे आली आणि त्यांनी एन-१ बंद केले. इंजिने नष्ट करायचा आदेश आला, पण कुझनेत्सोव्ह यांनी ती गोदामात जपून ठेवली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्यातली काही अमेरिकेने विकत घेतली. २०१३ मध्ये त्यांतलीच दोन, थोडे फेरफार करून, अमेरिकेच्या अँटारेस रॉकेटला लागली आणि व्हर्जिनियातून अंतराळ स्थानकाला सामान घेऊन गेली. ऑक्टोबर २०१४ मध्ये अँटारेसचा उड्डाणानंतर काही सेकंदांत स्फोट झाला आणि ही जुनी इंजिने बाद झाली.

त्यांच्या जागी आरडी-१८१ हे रशियन इंजिन आले. ते बनवणारी संस्था ग्लुश्को यांची. इंधन, केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन.