दोष शेजाऱ्याचा!

आरशासमोर उभं राहून खांद्यावर कधी मरून, कधी मोरपंखी ओढणी टाकून बघितलीये? मरूनमध्ये चेहरा दमलेला, मोरपंखीत एकदम फ्रेश! मग एखादी रील बघून तुम्ही स्वतःचं ‘पॅलेट’ ठरवता आणि अर्धं कपाट बाद करता. पण तेव्हा अंगात लालभडक टी-शर्ट होता, मागची भिंत पिस्ता रंगाची होती, हे लक्षात घेतलं होतंत? नसेल, तर मिशेल युजेन शेव्रल यांना भेटायलाच हवं.

जन्म 1786चा, फ्रान्समधल्या आंझे गावचा. वडील डॉक्टर. शेव्रल पॅरिसला आले, केमिस्ट झाले. साबण बनताना चरबीचं नेमकं काय होतं, हे त्यांनीच उलगडलं. तेवढ्यावरही नाव राहिलं असतं. पण 1824मध्ये ते गोब्लँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. इथे भिंतीवर टांगायची भलीमोठी चित्रं धाग्यांनी विणली जायची. तिथे तक्रार आली, की निळ्या-जांभळ्या छटांमध्ये वापरलेला काळा धागा फिका दिसतो.

दुसरा कुणी असता तर रंगाऱ्यांनाच झापलं असतं. शेव्रलनी दुसरीकडचे काळे नमुने मिळवून शेजारी ठेवले. गोब्लँचा काळा कुठेच कमी नव्हता! मग त्यांच्या लक्षात आलं, की आपला डोळा शेजारच्या रंगांमधला फरक वाढवून दाखवतो. प्रत्येक रंगावर शेजाऱ्याच्या विरुद्ध रंगाची झाक चढते. निळ्यालगतच्या काळ्यावर नारिंगी झाक येते आणि तो मरगळतो.

पुढची कित्येक वर्षं ते याच नादात होते. 1839मध्ये जाडजूड पुस्तक आलं. त्यात चित्रं, बागा, गणवेश तर आहेतच, पण कपडे आणि टोप्यांचे रंग चेहऱ्याला काय करतात हेही आहे. हिरव्याने फिकट चेहऱ्यावर गुलाबी छटा येते. तोच हिरवा नारिंगीकडे झुकणाऱ्या त्वचेला विटकरी करतो. म्हणजे तुमचा तो लाल टी-शर्ट चेहऱ्यावर हिरवट झाक आणत होता आणि तुम्ही मात्र बिचाऱ्या ओढणीला दोष देत होतात!

आणखी एक गंमत. एकामागून एक लाल कापडं बघत गेलं, की शेवटची गिऱ्हाइकाला डल वाटतात. कापड तेच, डोळा थकलेला. मध्ये एखादं हिरवं दाखवलं, की लाल पुन्हा खुलतो. (साडीच्या दुकानात आईबरोबर दोन तास काढलेल्यांना हे पटेल.) म्हणूनच चांगले कलर अ‍ॅनालिस्ट करड्या किंवा पांढऱ्या पार्श्वभूमीवर, दिवसाच्या उजेडात बसवतात, रंगवलेले केस झाकतात आणि मध्ये मध्ये डोळ्यांना विश्रांती देतात. घरी करायचं तर एक जुनी पांढरी चादर पुरते.

शेव्रल तब्बल 102 वर्षं जगले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या 72 नावांत त्यांचंही आहे. मार्च 1889च्या अखेरीस टॉवरचं उद्घाटन झालं तेव्हा ते हयात होते; पुढच्याच महिन्यात, 9 एप्रिलला, पॅरिसमध्ये गेले.