बाबासाहेब आंबेडकर आणि जातीय पूर्वग्रह

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (जन्म: महू, १४ एप्रिल १८९१ – मृत्यू: दिल्ली, ६ डिसेंबर १९५६) हे भारतीय विधिज्ञ, अर्थशास्त्रज्ञ, समाजसुधारक आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. जात हा केवळ आर्थिक किंवा धार्मिक प्रश्न नसून ती एक मनोवस्था आहे, अशी मांडणी त्यांनी केली. एका समूहाला दुसऱ्या समूहाविषयी तुच्छता का वाटते, ती पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकते आणि कायद्याने ती कितपत दूर होते, हे प्रश्न त्यांच्या आयुष्यात व लेखनात सातत्याने दिसतात. १९५४ च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत त्यांचा झालेला पराभव याच प्रश्नांच्या संदर्भात अभ्यासला जातो.

बालपण आणि पहिले अनुभव

भीमराव हे सुभेदार रामजी सकपाळ व भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. महार जातीत जन्मल्यामुळे साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मुभा नव्हती. शाळेच्या शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे.

१९०१ च्या सुमारास वडिलांना भेटण्यासाठी ते भाऊ व भाच्यांसह आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले. स्वच्छ, नीटनेटके कपडे घातलेल्या या मुलांची स्टेशनमास्तरांनी आरंभी आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगताच त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव बदलले आणि ते मागे सरले. एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतःच बैलगाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असा मार्ग निघाला. जवळ जेवण होते, पण पाणी न मिळाल्याने रात्र उपाशीपोटी काढावी लागली. हा प्रसंग आंबेडकरांनी पुढे आपल्या आत्मकथनपर टिपणांत नोंदवला. मुलांच्या रूपात, वागण्यात किंवा बोलण्यात काहीच बदलले नव्हते. बदल घडला तो एका शब्दाने. पूर्वग्रह हा समोरच्या व्यक्तीच्या गुणदोषांवर नव्हे, तर तिला चिकटवलेल्या समूहनामावर उभा असतो, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

शिक्षण आणि जातीची पहिली मीमांसा

एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या अध्यापनाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती व विकास या विषयावर निबंध वाचला. तो १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

जातीचे सार अंतर्विवाहात, म्हणजे समूहाबाहेर लग्न न करण्याच्या नियमात आहे, असे प्रतिपादन या निबंधात आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्याच नियमाच्या रक्षणासाठी निर्माण झाल्या, असे त्यांनी दाखवले. जातीचा प्रसार कसा झाला, याचे उत्तर त्यांनी मानसशास्त्रात शोधले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांनुसार प्रतिष्ठित वर्गाचे आचार खालच्या वर्गांकडे झिरपतात, आणि अंतर जितके कमी तितके अनुकरण अधिक होते. हा नियम लावून आंबेडकरांनी असे मांडले की, पुरोहितवर्गाने प्रथम स्वतःला बंदिस्त केले. त्याच्या अनुकरणाने काही समूहांनी आपली दारे लावून घेतली, तर इतरांना ती आपल्यासाठी बंद झालेली आढळली. जात कोणा एका स्मृतिकाराने लादली, हे मत त्यांनी नाकारले. वंशभेदातून जाती निर्माण झाल्या, हे तत्कालीन प्रचलित मतही त्यांना मान्य नव्हते.

बडोदा ते महाड

१९१७ मध्ये भारतात परतल्यावर ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. राहण्यास जागा न मिळाल्याने त्यांनी पारशी नाव घेऊन एका पारशी विश्रामगृहात आश्रय घेतला. खरी ओळख उघड होताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन स्नेह्यांकडेही आसरा मिळाला नाही. पूर्वग्रह धर्माच्या सीमा ओलांडून शेजारच्या समाजांतही पसरतो, असा निष्कर्ष त्यांनी यातून काढला.

२० मार्च १९२७ रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सत्याग्रही वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार असल्याची अफवा पसरली आणि त्यांच्यावर हल्ला झाला. पुढे तळ्याचे पंचगव्याने शुद्धीकरण करण्यात आले. पशूंना खुले असलेले पाणी माणसाच्या स्पर्शाने विटाळते, ही समजूत आरोग्याच्या नव्हे, तर दर्जाच्या कल्पनेतून येते, हे या सत्याग्रहाने जगापुढे आणले. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याबाबतचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

जात ही मनोवस्था

१९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी निमंत्रित केले. भाषणातील धर्मग्रंथांवरील टीकेस मंडळाने आक्षेप घेतला आणि अधिवेशन रद्द झाले. आंबेडकरांनी ते भाषण ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने स्वतः प्रसिद्ध केले. जात ही विटांच्या भिंतीसारखी पाडून टाकता येणारी वस्तू नसून मनातील धारणा आहे, हा त्यातील मध्यवर्ती विचार आहे. लोक जात पाळतात ते दुष्टपणामुळे नव्हे, तर धर्मश्रद्धेमुळे. म्हणून व्यक्तींना दोष देण्याऐवजी त्या श्रद्धेला आधार देणाऱ्या ग्रंथांच्या पावित्र्यालाच आव्हान दिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. सहभोजने त्यांना अपुरी वाटत. खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच, असे त्यांनी मांडले.

श्रेणीबद्ध विषमता ही त्यांची आणखी एक महत्त्वाची संकल्पना. जातिव्यवस्थेत वर जावे तसा आदर वाढतो व खाली यावे तसा तिरस्कार वाढतो. जवळपास प्रत्येक जातीला आपल्याखाली कोणीतरी सापडते. त्यामुळे पीडित समूहांनाही व्यवस्था टिकवण्यात काही हितसंबंध उरतो आणि ते एकत्र येऊ शकत नाहीत.

भंडारा पोटनिवडणूक

१९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघ जाऊन संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा आल्या. राखीव जागेवर कोण निवडून यावे हे बहुसंख्याकांची मते ठरवतील, ही आंबेडकरांची जुनी शंका होती. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर मुंबईतून पराभूत झाले व नंतर राज्यसभेवर गेले.

१९५४ मध्ये त्यांनी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच होता. मतदारसंघ द्विसदस्यीय असल्याने प्रत्येक मतदाराला दोन मते होती. प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर आंबेडकरांचे सहकारी उमेदवार होते. प्रकृती खालावलेली असतानाही आंबेडकरांनी जिल्ह्यात सभा घेतल्या व सरकारच्या परराष्ट्र धोरणावरही टीका केली. अनुयायांनी दुसरे मत वाया घालवावे, अशी सूचना त्यांना झाली होती, पण राज्यघटनेच्या शिल्पकाराने असे सांगणे योग्य नाही म्हणून त्यांनी ती फेटाळली, असे सांगितले जाते.

मेहता विजयी झाले. राखीव जागेवर मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी आंबेडकरांचा पराभव केला. फेडरेशनच्या मतदारांनी मेहतांना मते दिली, परंतु मेहतांच्या सवर्ण मतदारांनी त्याच प्रमाणात आंबेडकरांना दिली नाहीत, असा या निकालाचा अर्थ अनेकदा लावला जातो. काँग्रेसचे मजबूत संघटन हेही पराभवाचे एक कारण मानले जाते. मतदान गुप्त असल्याने या दोन कारणांचा वाटा वेगळा करून मोजता येत नाही.

धर्मांतर आणि वारसा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पूर्वग्रह बाळगणाऱ्यांचे मन बदलेपर्यंत वाट पाहण्याऐवजी पूर्वग्रह सोसणाऱ्यांच्या मनातील हीनभाव प्रथम दूर करावा, हा या निर्णयामागील एक हेतू होता. दीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आतच त्यांचे निधन झाले. नवदीक्षितांत विदर्भातील लोकांची संख्या मोठी होती. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले.

भंडारा पोटनिवडणुकीच्याच वर्षी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांचा पूर्वग्रहाच्या स्वरूपावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य व संस्थांचा पाठिंबा असेल तरच समूहांमधील संपर्काने पूर्वग्रह घटतो, असे त्यात मांडले आहे. पुढे हेन्री ताजफेल यांच्या प्रयोगांत, नाममात्र कारणाने गट पाडले तरी माणसे स्वगटाला झुकते माप देतात, असे आढळले. आंबेडकरांनी या संशोधनांपूर्वीच समूहनाम, अनुकरण आणि दर्जाची उतरंड यांच्याकडे लक्ष वेधले होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तथापि कायद्याला बंधुतेची जोड नसेल तर समता व स्वातंत्र्य टिकत नाही, हे त्यांचे मत अखेरपर्यंत कायम राहिले.