भाडे गोळा करणाऱ्या बाई : ऑक्टेव्हिया हिल
(द्वितीय वर्ष, बी. ए.)

आमच्या चाळीत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरमालकाचा माणूस येतो. छप्पर गळते, असे आई त्याला कित्येक वर्षे सांगत आली आहे. तो मान हलवतो आणि पावती फाडतो. त्यामुळे भाडेवसुली हेच जिने आयुष्याचे काम मानले अशा एका बाईंचे चरित्र हाती आले तेव्हा मला प्रथम हसूच आले. पुढे वाचत गेले तसे ते हसू मावळले.

ऑक्टेव्हिया हिल यांचा जन्म ३ डिसेंबर १८३८ रोजी इंग्लंडमधील विस्बीच येथे झाला. वडील धान्याचे व्यापारी. परंतु १८४० मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. आई व मुलींना आजोबांचा आधार घ्यावा लागला. चौदाव्या वर्षी ऑक्टेव्हिया खेळणी बनविणाऱ्या गरीब मुलांच्या कामावर देखरेख करू लागल्या. ही मुले कसल्या खोल्यांत राहतात हे त्यांना तेव्हाच कळले.

प्रसिद्ध कलासमीक्षक जॉन रस्किन यांना त्या चित्रांच्या नकला करून देत असत. १८६४ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर रस्किन यांच्या हाती पैसा आला. त्यातून त्यांनी १८६५ च्या सुमारास लंडनच्या मेरिलबोन भागात पॅरेडाइज प्लेस येथील तीन घरे ७५० पौंडांना भाडेपट्ट्याने घेतली. गल्लीचे नाव स्वर्गाचे, घरे मात्र नरकासारखी! जिन्याचे कठडेसुद्धा सरपणासाठी गेलेले. रस्किन यांची अट होती की, गुंतवणुकीवर शेकडा पाच परतावा मिळावा. म्हणजे वर्षाला साडेसदतीस पौंड. तसे झाले तर इतर पैसेवालेही या कामात पडतील, असा त्यामागे हिशेब होता. दान एकदा दिले की संपते.

हिलबाई दर आठवड्याला स्वतः दारोदार जाऊन भाडे घेत. थकबाकी चालू देत नसत. त्याच फेरीत गळके छप्पर, तुंबलेले गटार त्यांच्या डोळ्यांना दिसे. दुरुस्तीसाठी प्रत्येक घरामागे वर्षाची ठराविक रक्कम बाजूला काढलेली असे. मोडतोड कमी होऊन त्यातून काही उरले, तर त्या पैशात काय करायचे हे भाडेकरू ठरवीत. त्यामुळे खिडकीची काच जपण्यात त्यांचाही फायदा होता. दुरुस्तीची कामे शक्यतो मंदीच्या दिवसांत काढून ती बेकार भाडेकरूंनाच दिली जात. ही युक्ती मला सर्वांत आवडली.

१८६६ मध्ये फ्रेशवॉटर प्लेसमधील आणखी घरे आली. पुढे इतर मालकही आपली घरे त्यांच्याकडे सोपवू लागले. १८७४ पर्यंत अशा १५ वस्त्या व सुमारे ३,००० भाडेकरू झाले. नऊ वर्षांत एवढी वाढ म्हणजे संथ कसली, असे कोणी म्हणेल. परंतु आधी काम शिकलेली बाई तयार करायची आणि मगच तिच्याकडे घरे द्यायची, हा क्रम त्यांनी राखला. इतके करूनही १८७७ मध्ये रस्किन यांच्याशी बेबनाव झाला, प्रकृती ढासळली आणि बाईंना काम सोडून परदेशी जावे लागले. त्यांच्या अनुपस्थितीत त्यांनी तयार केलेल्या बायकांनी वसुली चालू ठेवली. १८८४ मध्ये चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या आयुक्तांनी सदर्क भागातील आपली घरे त्यांच्या हाती दिली.

त्यांची सगळीच मते पटण्याजोगी नाहीत. भाडे न देणाऱ्याला त्या घराबाहेर काढीत. नगरपालिकेने घरे बांधावीत याला आणि वृद्धांच्या सरकारी निवृत्तिवेतनाला त्यांचा विरोध होता. ज्याला आज काम आहे आणि उद्या नाही, त्याने आठवड्याचे भाडे नेमाने कोठून द्यावे? माझे वडील हमाली करीत, म्हणून हा प्रश्न मला अधिक टोचतो. तरी छप्पर गळते हे ऐकून त्या नुसती मान हलवून परतल्या नसत्या, एवढे खरे.

मोकळ्या जागा राखण्यासाठीही त्या झटल्या आणि १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या. १३ ऑगस्ट १९१२ रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाचा मान देऊ केला होता. पण त्यांच्या इच्छेप्रमाणे घरच्यांनी तो नाकारला आणि केंटमधील क्रॉकहॅम हिल या लहानशा गावी त्यांना मूठमाती दिली.