लातूर-नांदेडची पोरं नीटसाठी जे प्रोटीन पाठ करतात, ते बटाट्यात दाखवणाऱ्या कमला सोहोनी

लातूर किंवा नांदेडला नीटची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, सायटोक्रोम सी म्हणजे काय? उत्तर तयार असतं. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलाला बाहेरून चिकटलेलं, इलेक्ट्रॉनची ने-आण करणारं छोटं प्रोटीन. पण त्या ओळीमागे एका मराठी बाईचंही काम आहे, हे फार कुणाला माहीत नसतं.

त्या म्हणजे कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांची धाकटी बहीण.

१९३३ साली मुंबईतून बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई थेट बेंगळुरूला गेल्या आणि सत्याग्रह करणार म्हणून अडून बसल्या. शेवटी एक वर्षाच्या चाचणीवर प्रवेश मिळाला. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढे इतर मुलींसाठीही दार उघडलं.

तिथून त्या केंब्रिजला गेल्या. सायटोक्रोमवरचं मूलभूत काम डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली मांडलं होतं, त्यामुळे सायटोक्रोमचा शोधच कमलाबाईंनी लावला असं म्हणणं बरोबर नाही. बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे त्यांनी दाखवलं. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता फक्त ४० पानांचा.

आता हे प्रोटीन करतं काय? अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन पटलावर एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे जातात. त्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलाच्या पलीकडे ढकलले जातात. पटल त्यांना सहज परत येऊ देत नाही, म्हणून तिकडे गर्दी होते. पैठणला जायकवाडीच्या भिंतीमागे पाणी साठतं आणि सुटताना टर्बाइन फिरवतं, तसंच इथे. प्रोटॉन एका ठरलेल्या दारातून परत येतात, तिथलं एन्झाइम खरोखर फिरतं आणि एटीपी तयार होतं. पटलाला गळती लागली तर इंधन असूनही ऊर्जा नाही.

भारतात परतल्यावर कमलाबाईंनी डाळी आणि नीरा यांच्या पोषणमूल्यावर काम केलं. नीरेवरच्या कामासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ज्यांना आधी संस्थेत घ्यायलाच नकार मिळाला होता, त्या पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या. १९९८ साली त्यांचं निधन झालं.